अकरा पिंपं जादा

वाघोटन खाडीच्या तोंडाशी, साडेतीन वाव पाण्यात
आत्माराम खवळ्यांचा ट्रॉलर
चाळीस दिवस कुशीवर निजलेला.
ओहोटीला डोलकाठीचं टोक तेवढं वर.
त्यावर एक पाणकावळा पंख वाळत घालून बसतो,
आणि आमच्या कागदावर त्याचं नाव
‘जलमार्गास अडथळा’.

मी बंदर खात्याची. कनिष्ठ अभियंता.
रात्री विश्रामगृहातली वीज गेल्यावर
मोबाइलच्या उजेडात हिशेब मांडला:
इंजिन, विंच, बर्फाच्या खणात बसलेली वाळू,
पाणी पिऊन जड झालेलं लाकूड.
पाण्यातलं वजन नऊ टन.
दोनशे लिटरचं हवेचं पिंप
बाजूला सारतं दोनशे पाच किलो खारं पाणी,
स्वतःचे वीस वजा जाता
उचलतं एकशे पंच्याऐंशी.
एकोणपन्नास पिंपं.
खाली दोन रेघा ओढल्या, झोप लागली.

सकाळी शरफुद्दीन सोलकरांनी कागद
हातभर लांब धरून वाचला.
“बरोबर आसा,” म्हणाले.
“पण चिखलाचा गणित खंय आसा?”

होतं पुस्तकात. एक सूत्रही होतं.
त्यात एक अक्षर, आणि तळटीप:
किंमत प्रत्यक्ष स्थळी ठरवावी.

“साठ बांधूया. अकरा चिखलाची.”

मला बाबांनी पोहायला घातलं तेव्हा
दोन असोले नारळ सुंभाने बांधून काखेत दिले होते.
आठव्या दिवशी त्यांनी एक सोडला, मला न सांगता.
दुसरा कधी सोडला
हे मला अजून माहीत नाही.

पिंपं आली तीन टेम्पोंतून,
डिझेलची, ऑइलची,
बरीचशी देवगडच्या कॅनिंगवाल्याची, आत हापूसचा वास.
सोलकरांनी ती आधी पाण्याने भरून बुडवली.
पुतण्या नईम खाली जाऊन एकेक बांधत गेला
तोंड खाली करून,
आणि होडीवर ठेवलेला पंक्चरवाल्याचा कंप्रेसर
खोकत खोकत नळीतून हवा देऊ लागला.
पाणबुडीचं आख्खं प्रकरण
सात रुपयांच्या क्लिपांवर चाललेलं.

जेटीवरून खवळ्यांची बायको विचारत होती,
“ह्या डब्यांनी उठतलो तो?”
“डबे नाय गे. पाणी उठयता.”

एकोणपन्नास भरली. काही नाही.
सगळे माझ्याकडे बघत नव्हते,
ते जास्त लागलं.
बावन्न. पंचावन्न.
दोर वीणेच्या तारेसारखे ताठ,
पाणी गुळगुळीत, कंप्रेसर तापलेला.
सत्तावन्न.

अठ्ठावन्नाव्याला खालून बुडबुडे आले,
काळे, कुजक्या अंड्याच्या वासाचे,
आणि चिखलाने एकदाच
ओठ उघडल्यासारखा आवाज केला.
“सोड!” सोलकर ओरडले, “सोड रे!”

मला कळेना, आत्ताच तर धरलंय.
नईमने एका दोराला झटका दिला
आणि नऊ पिंपं, मुद्दाम वेगळ्या गाठीने बांधलेली,
एकदम सुटून वर उसळली,
खाडीभर डुचमळत, बैल सुटल्यासारखी.

नंतर चहा पिताना उलगडलं.
चिखल सोडतो तेव्हा
त्याच्यासाठी आणलेलं बळ
अचानक बिनकामाचं होतं.
ते तसंच राहिलं
तर ट्रॉलर उसळून उलटा झाला असता,
आणि नईम त्याच्या खाली होता.

अठ्ठावन्नातली नऊ गेली.
मी बोटांवर पुन्हा मोजलं.
राहिली एकोणपन्नास.

ट्रॉलर भरतीबरोबर सावकाश
पुळणीकडे सरकत गेला, पाठ ओली, शेवाळलेली,
झोपेतून उठवलेल्या म्हशीसारखा नाराज.

आता लेखापरीक्षकांचं पत्र आलंय:
‘गणनेनुसार पिंपे ४९, भाड्याने घेतली ६०.
जादा ११ चा खुलासा करावा.’

तीन मसुदे फाडले.
चौथ्यात फक्त ‘चिखल’ लिहिलंय,
आणि खाली, दोन रेघांच्या जागी,
दोन पिंपं न वापरता परत दिल्याची पावती
टाचणीने लावली आहे.